देवाकडे पाठ

पोलिसाच्या घरी जन्मलेल्या मुलीला लोक आयुष्यभर दोनच प्रश्न विचारीत असतात: वडील घरीही हात उगारीत काय, आणि घरी ‘वरून’ काय काय येत असे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘प्रसाद’ असे आहे, आणि ते ऐकून विचारणाऱ्याच्या मुखावर जे सूचक स्मित उमटते ते पुसून टाकण्यासाठी मला दर वेळी खुलासा करावा लागतो की प्रसाद म्हणजे अक्षरशः प्रसाद. टिटवाळ्याच्या गणपतीचा पेढा, पंढरपूरचे चुरमुरे आणि बुक्का, दुर्गाडीच्या देवीचे खोबरे, हाजीमलंगच्या डोंगरावरच्या रेवड्या आणि महाशिवरात्रीस अंबरनाथहून आलेले, खिशात चुरगळलेले बेलाचे पान, असा सर्वधर्मीय ऐवज आमच्या फडताळातल्या एका डब्यात वर्षभर गुण्यागोविंदाने नांदत असे. इतकी दैवते ज्याच्यावर एकाच वेळी प्रसन्न होती तो मनुष्य परम भाविक असावा असा तर्क कोणीही करील. वस्तुस्थिती अशी की यांपैकी एकाही दैवताचे मुखावलोकन अण्णांनी धडपणे केलेले नव्हते. ते या सर्वांच्या दारी गेले होते खरे, परंतु बंदोबस्तासाठी. आणि बंदोबस्ताचा पहिला नियम असा आहे की ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याकडे पाठ करावी आणि ज्यांच्यापासून करावयाचे त्यांच्याकडे तोंड करून उभे राहावे.

हा नियम काही आमच्या ठाणे जिल्ह्याचा शोध नव्हे. विलायतेत फुटबॉलचे सामने चालतात तेव्हा भडक रंगाची जाकिटे घातलेले रखवालदार सारा वेळ खेळाकडे पाठ करून प्रेक्षकांना न्याहाळीत असतात, आणि मागे गोल झाला की समोरचे सहस्रावधी लोक एकदम उठून नाचू लागले तरी त्या बिचाऱ्यांना मान वळविण्याची मुभा नसते. अण्णांनी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर क्रिकेटचे सामने असेच ‘पाहिले’. घरी आल्यावर माझा धाकटा भाऊ मोठ्या उत्कंठेने धावसंख्या विचारी, त्यावर अण्णा बूट काढता काढता गंभीरपणे सांगत, “चौकार पुष्कळ झाले असावेत. शेंगदाणेवाल्याची टोपली दोनदा सांडली.”

आम्ही मोहन्यास राहत होतो. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीने शहाड मागे टाकले की आंबिवली येते, आणि आंबिवलीस उतरून चालू लागले की उल्हास नदीच्या काठी मोहने. त्या काळी या गावाचा सारा कारभार नॅशनल रेयॉन कंपनीच्या भोंग्यावर चाले. भोंगा वाजला की नवरे उठत, भोंगा वाजला की भाकऱ्या थापल्या जात, भोंगा वाजला की पोरे शाळेला पिटाळली जात; सबंध गावात घड्याळ असून उपयोग नसलेले घर एकच, आणि ते आमचे, कारण अण्णांच्या ड्यूटीला सुरू होण्याची वेळ असे, संपण्याची नसे. पुढे २००९ साली कंपनीला टाळे लागले आणि भोंगा थांबला, तेव्हा साऱ्या गावाची दिनचर्या विसकटली; आई मात्र शांतपणे म्हणाली, “आता कळेल सगळ्यांना, जमादाराची बायको दिवस कसा काढते ते.”

जमादार हे त्यांचे पद नव्हे, पदवी होती. ते शिपाई म्हणून भरती झाले, नाशिकास शिक्षण घेऊन आले, हवालदार झाले, जमादार झाले आणि निवृत्त होताना फौजदार होते. परंतु मोहन्याने त्यांना एकदा जमादार ठरविल्यावर सरकारच्या बढतीचा हुकूम या गावापुरता अमलात आला नाही. १९८१ साली ठाण्यास पोलीस आयुक्तालय स्थापन झाले, त्या थोर प्रशासकीय स्थित्यंतराचा आमच्या घरावर झालेला परिणाम एवढाच, की रजेच्या अर्जाच्या मायन्यात ‘अधीक्षक’ या शब्दाच्या जागी ‘आयुक्त’ आला. अर्ज नामंजूर होण्याच्या पद्धतीत कोणताही फरक पडला नाही.

कल्याणच्या पोलीस लाइनीत खोली मिळेना, तेव्हा नदीकाठी पाण्याची तरी ददात पडणार नाही, या हिशेबाने आईने मोहने निवडले. कल्याण-डोंबिवलीला लागणारे पाणी मोहन्याच्या उदंचन केंद्रातून उचलले जाते ही गोष्ट खरी. पण आमच्या चाळीत नळ एक होता आणि कुटुंबे पुष्कळ होती. त्यामुळे पहाटेच्या पहिल्या धारेबरोबर जे रण माजे त्याची फिर्याद घेऊन उभय पक्ष हंडे-कळशांसह आमच्याच उंबऱ्यावर रुजू होत. रात्रभर गस्त घालून नुकतेच आडवे झालेले अण्णा डोळे न उघडता दोन्ही बाजूंचे जबाब ऐकून घेत आणि निवाडा देत: “३२३, ५०४, ५०६. अदखलपात्र. दोघींनी कोर्टात दाद मागावी.” मारहाण, अपमान आणि धमकी या तीन कलमांत चाळीतले यच्चयावत् सामाजिक जीवन सामावते असे त्यांचे ठाम मत होते, आणि आता इतक्या वर्षांनी एका सुशिक्षित गृहनिर्माण संस्थेची सभासद झाल्यावर मला ते मत अधिकच पटू लागले आहे.

माणसांना कलमांनी ओळखण्याची ही सवय घरातही शिरली होती. आईकडचे एक मामा दर वर्षी नव्या धंद्याची योजना घेऊन येत आणि अण्णांचे थोडे पैसे गुंतवून जात; त्यांचा उल्लेख आमच्या घरात केवळ ‘४२०’ असा होई, आणि आईलाही त्यात काही वावगे वाटत नसे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, चोरीचे ३७९ जाऊन ३०३ झाले, खुनाचे ३०२ जाऊन १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये जाऊन बसले. अण्णांना हा अनर्थ पाहावा लागला नाही हे एका परीने बरेच झाले. मामा मात्र हयात आहेत आणि वृद्धापकाळी कायद्यानेच आपल्याला निष्कलंक ठरविले याबद्दल ते सरकारचे आभार मानतात.

भावाच्या वाट्यास मुंबई पोलीस कायदा आला. १९५१ सालच्या या कायद्याला हल्ली महाराष्ट्राचे नाव लावतात, पण अण्णांच्या लेखी तो शेवटपर्यंत मुंबईचाच राहिला. त्यातील कलम १२२ अन्वये सूर्यास्त ते सूर्योदय या अवधीत संशयास्पद स्थितीत मिळून आलेल्या इसमावर कारवाई करता येते, आणि कलम १२४ अन्वये जवळ बाळगलेल्या मालाचा समाधानकारक हिशेब न देऊ शकणाऱ्यावर. रात्रीचा सिनेमा पाहून हळूच कडी काढणारा भाऊ पहिल्या कलमाचा बळी ठरे. एकदा त्याच्या खिशात सुगंधी रुमाल सापडला तेव्हा दुसरेही लागले. रुमालावर कोपऱ्यात गुंफलेले आद्याक्षर आमच्या घरातील कोणत्याही व्यक्तीचे नव्हते. अण्णांनी रुमाल उलटसुलट करून पाहिला, घडी केली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधला, कागदावर तारीख घातली आणि आईच्या स्वाधीन केला. तो मुद्देमाल चार वर्षांनी आईने त्या आद्याक्षराच्या मालकिणीस, सून म्हणून घरात आल्यावर, रीतसर परत दिला.

परंतु कायदा हे त्यांचे खरे शास्त्र नव्हते. त्यांचे शास्त्र होते चेहऱ्यांचे. तीस-पस्तीस वर्षे जो मनुष्य देव, पुढारी, नट, घोडे, ताबूत आणि पालख्या यांच्याकडे पाठ करून उभा राहतो त्याला दुसरे पाहण्यासारखे काय उरते? गर्दीतला कोण भक्तीने आला आहे, कोण सासूच्या धाकाने, कोण चपला बाहेर सोडून आल्याच्या चिंतेत आहे आणि कोणाच्या पायांतली चप्पल त्याची स्वतःची नाही, हे सारे त्यांना मुखचर्येवरून वाचता येई. अंगारकीच्या दिवशी टिटवाळ्यास जमणाऱ्या अफाट समुदायाचे त्यांचे वर्णन ऐकण्यासारखे असे. त्यात गणपतीचा उल्लेख नसे. ते म्हणत, “देवळाच्या गर्दीत देवाकडे न पाहणारी माणसे दोनच. एक पोलीस आणि दुसरा खिसेकापू. त्यामुळे त्या दोघांची नजरानजर हटकून होते.” किंबहुना खिसेकापू ओळखण्याची त्यांची सारी विद्या या एका वाक्यात होती. ज्याच्याशी नजर भिडली त्याची पाकिटे तपासावी. पाकीट एकाहून अधिक निघाले तर तो दुसरा, न निघाले तर साध्या वेशातला आपलाच माणूस.

१९७० च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात ते भिवंडीस दंगलीच्या बंदोबस्तास होते. तेथे पाहिलेल्या चेहऱ्यांचे वर्णन त्यांनी कधी केले नाही, आणि आम्हीही विचारू नये अशी व्यवस्था आईने ठेवली होती.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभरातले गणपती दूध पिऊ लागले. वाचकांपैकी अनेकांनी त्या दिवशी चमचा घेऊन रांग धरली असेल, म्हणून त्या विषयी मी अधिक बोलत नाही. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचा खुलासा केला, आणि ज्यांना तो पटावयाचा होता त्यांना पटला. अण्णांना आमच्याच बाजूच्या एका देवळापुढे बंदोबस्त होता. सकाळपासून रात्रीपर्यंत ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, मूर्तीपासून हाताच्या अंतरावर उभे होते. साऱ्या मोहन्यात इतक्या जवळचा आणि इतका दीर्घकाळचा साक्षीदार दुसरा नव्हता, म्हणून ते परतले तेव्हा आमच्या दारात चाळ लोटली होती. गणपती खरोखर प्याला काय? अण्णा पायरीवर बसले, त्यांनी उजव्या पायातला बूट काढून उलटा केला आणि शांतपणे म्हणाले, “माझी पाठ होती. पोटात किती गेले ते सांगता येणार नाही. बुटात किती आले ते बघून घ्या.” पायरीवर ओघळ आला. त्यावर शेजारच्या काकूंनी तेच तीर्थ समजून बोट लावण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा आईने बूट हिसकावून घेतला.

आजीला, म्हणजे अण्णांच्या आईला, मुलाच्या या नोकरीचा अपार हेवा वाटे. ती साताऱ्याकडची, माळकरी, जन्मभर पायी वारी केलेली. आणि वय झाल्यामुळे तिची वारी सुटली नेमकी त्याच सुमारास आषाढीच्या जादा बंदोबस्तासाठी अण्णांची रवानगी पंढरपुरास होऊ लागली. सरकारी खर्चाने जाणे, सरकारी खर्चाने राहणे आणि वर देवाचा सहवास! ती त्यांना खोदून खोदून विचारी: तुळशीचा हार केवढा होता, पितांबर कोणत्या रंगाचे होते, देव यंदा थकल्यासारखा वाटला काय. अण्णांनी तो कधीच पाहिलेला नसे. त्यांची जागा नदीच्या वाळवंटात नाहीतर दर्शनबारीच्या एखाद्या वळणावर. पण वृद्ध आईस निराश करवेना, म्हणून ते समोरून परतणाऱ्या वारकऱ्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसले तेच देवाचे वर्णन म्हणून सांगत, आणि मला वाटते, ते फारसे चुकत नसावे. एकदा मात्र फार थकून आले होते तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेले, “अगं, त्याचीही पॉइंट ड्यूटीच की. कमरेवर हात, तोंड गर्दीकडे, आणि इतकी युगे लोटली तरी रिलीव्हर नाही.” आजीने कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने देवापुढे एकाऐवजी दोन खडीसाखरेचे खडे ठेवले, आणि दुसरा कोणासाठी हे विचारले असता उत्तर दिले नाही.

या आजीवरच एकदा गुन्हा दाखल होण्याची पाळी आली होती. दिवाळीचे बेसनाचे लाडू नैवेद्यापूर्वीच डब्यातून नाहीसे होऊ लागले. आईने तक्रार केली. अण्णा गणवेशातच होते, त्यामुळे त्यांनी ती गांभीर्याने घेतली. घटनास्थळाची चतुःसीमा पाहिली: पूर्वेस सामाईक भिंत, पश्चिमेस मोरी, दक्षिणेस फडताळ, उत्तरेस आजीची पथारी. मग घरातल्या सर्वांना ओळीने उभे करून त्यांनी फर्मावले, “डब्याकडे बघा.” आम्ही डब्याकडे पाहू लागलो आणि अण्णा डब्याकडे पाठ करून आमच्याकडे. निरपराध माणूस सांगितल्याप्रमाणे डब्याकडे पाहतो. ज्याने डबा रिकामा केला त्याला डब्यात पाहण्यासारखे काही उरलेले नसल्याने तो तपास करणाऱ्याकडे पाहतो. सगळ्यांत आजी तेवढी अण्णांकडे पाहत होती. तिला मधुमेह होता आणि वैद्याने गोड वर्ज्य केले होते. अण्णांनी क्षणभर आपल्या जन्मदात्रीच्या नजरेला नजर दिली, खिशातली वही काढली आणि मोठ्याने वाचून दाखवीत लिहिले, “गुन्हा खरा. आरोपी मिळून येत नाही. सबब ‘अ’ समरी.” पोलिसी भाषेत याचा अर्थ तपास थांबला एवढाच, फाइल मिटत नाही. त्या दिवसापासून लाडवांचा डबा आईच्या ट्रंकेत गेला आणि आजीच्या उशाशी साखर न घातलेल्या शेंगदाण्याच्या कुटाची वाटी आली. ती वाटी कोणी ठेवली याचाही तपास लागला नाही.

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा चाळीत संच मोजके होते, आणि पैकी एक आमचा. रविवारी सकाळी आमच्या खोलीत श्वास घेण्यास जागा नसे. अण्णांना क्वचित् एखाद्या रविवारी घरी राहण्याचा योग येई, तेव्हा ते आपली लाकडी खुर्ची बरोबर संचापुढे, पण संचाकडे पाठ करून मांडीत आणि सर्वांवर नजर ठेवून बसत. प्रारंभी लोकांना संकोच वाटला. ज्याच्या घरी फुकट रामायण पाहावे तो जमादार आपल्यावर पाळत ठेवून आहे ही कल्पना भक्तीला पोषक नव्हे. नंतर सर्वांना सवय झाली. अण्णांचेही कथानक कधी चुकले नाही. म्हाताऱ्यांनी हात जोडले की राम आला, पोरांनी पाय पोटाशी घेतले की राक्षस, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावला की कैकेयीचे काहीतरी चालले आहे. आई चिडून म्हणे, “अहो, एकदा तरी वळून बघा!” त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: “मागे काय होणार ते वाल्मीकीने लिहून ठेवले आहे. पुढे काय होईल त्याचा भरवसा नाही.”

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा या शास्त्राचा प्रयोग निरपराध कुटुंबांवर होऊ लागला. उपवर मुलगा, त्याचे शिक्षण, पगार, पत्रिका यांत अण्णांनी लक्ष घातले नाही. मंडळी आत येऊन बसली की ते पाच मिनिटे बाहेर जाऊन चपला पाहत. मग आत येऊन, मी पोह्यांच्या बशा घेऊन आले की माझ्याकडे पाठ करून पाहुण्यांचे चेहरे पाहत. एक स्थळ त्यांनी मुलाची आई भिंतीवरचे घड्याळ मनात मोजत होती म्हणून नाकारले. दुसरे, वरपित्याची नजर सारखी दाराकडे जात होती म्हणून, आणि त्या वरपित्यावर कर्जाच्या वसुलीचा दावा चालू असल्याचे पुढे खरोखरच कळले. अखेर जे पसंत पडले त्याची कारणमीमांसा आईने रात्री विचारली. अण्णा म्हणाले, “मुलाचा बाप पोहे येईपर्यंत मुलीची वाट पाहत होता आणि पोहे आल्यावर पोह्यांकडे पाहत होता. असा माणूस निरुपद्रवी असतो.” माझ्या सासऱ्यांना मी पुढे पुष्कळ वर्षे पोहे करून घातले; हा अभिप्राय तंतोतंत खरा होता असा माझाही शेरा आहे.

लग्नात मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा वधूपिता अंतरपाटाकडे पाठ करून दोन पावले पुढे सरकून उभे राहिले. शेवटचे ‘सावधान’ झाले हे त्यांना मागून आलेल्या वाजंत्रीवरून नव्हे, समोरून डोक्यावर येऊन पडलेल्या अक्षतांवरून कळले असावे. पंगतीत दोन्ही पक्षांपैकी कोणाचाही नसलेला एक इसम जेवीत असल्याचे त्यांनी तात्काळ हेरले, त्याच्यापुढे स्वतः जिलबी वाढली, पुन्हा वाढली, आग्रहाने तिसऱ्यांदा वाढली, आणि तो हात धुऊन उठल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता नाव सांगा.” तो बिचारा शेजारच्या कार्यालयातल्या मुंजीचा आमंत्रित निघाला. अण्णांनी त्याला तेथपर्यंत पोहोचवून दिले आणि मुंजीचेही दोन चेहरे पाहून आले.

निवृत्तीनंतरही शुक्रवारी सकाळी, म्हणजे एके काळच्या परेडच्या वारी, ते दाराशी वर्तमानपत्र अंथरून कमरपट्ट्याचे बक्कल ब्रासोने घाशीत बसत. आधी फडक्याचा कोपरा पितळेवर गोल गोल फिरे, मग सुकून पांढरट झालेला थर नखाने खाचांतून निघे, मग उन्हात धरून आपला चेहरा त्यात दिसतो काय ते पाहिले जाई. स्वतःचा चेहरा ते आठवड्यातून तेवढा एकदाच पाहत. दाढी ते आरशाविना, अंदाजाने करीत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी माहेरी होते. दूरचित्रवाणीवर मुंबईवरच्या हल्ल्याच्या बातम्या सुरू झाल्या, दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शिरस्त्राण आणि चिलखत चढवीत असल्याचे चित्र पुनःपुन्हा दिसू लागले, आणि मग ते गेल्याची वार्ता आली. त्याच वर्षी जूनमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनात बॉम्बस्फोट झाला होता आणि त्याचा तपास करकऱ्यांच्या पथकाने लावला होता, त्यामुळे ठाणे पोलिसांत नोकरी केलेल्या माणसाला ते नाव घरचे होते. पहाटे तुकाराम ओंबळ्यांचे कळले: गिरगाव चौपाटीवर, हातात केवळ लाठी असता, कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे सहायक फौजदार, म्हणजे मोहन्याच्या भाषेत जमादार. अण्णांनी उठून खुर्ची फिरविली आणि जन्मात प्रथमच ते पडद्याकडे तोंड करून बसले. आम्ही सर्व जण त्यांच्या मागे होतो. बऱ्याच वेळाने ते “जमादार होता” एवढेच म्हणाले. दोघांनाही २००९ च्या प्रजासत्ताकदिनी अशोकचक्र मिळाले. तोही सोहळा अण्णांनी समोरून पाहिला. पुढच्या रविवारी खुर्ची पूर्ववत् झाली.

करकऱ्यांच्या कन्येने, जुई करकरे-नवरे यांनी, वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. तोवर अण्णा गेले होते. करकरे नागपूरचे यंत्र-अभियंता, १९८२ च्या तुकडीचे आयपीएस. चंद्रपुरास अधीक्षक असताना जंगलातले वाळके ओंडके आणून त्यांतून काष्ठशिल्पे घडवीत, हा त्यांचा छंद प्रसिद्धच आहे. थोर अधिकाऱ्याची मुलगी बापाविषयी लिहिते आणि जमादाराची मुलगी ते वाचते, तेव्हा दोघींच्या घरांत पदांच्या कित्येक पायऱ्यांचे अंतर असूनही वाट पाहण्याची पद्धत एकच असणार, अशा विचारात मी होते. त्या भरात मी आईला विचारले, अण्णांना एखादा छंद होता काय गं? आईने तांदूळ निवडता निवडता क्षणभर विचार केला. “ह्यांना कसला छंद? झोप. आणि तीही उभ्याने.”

अण्णांच्या तेराव्यास भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा होता. पाठमोऱ्या माणसाचा फोटो कोठून मिळणार, या चिंतेने आम्ही कपाटे उपसू लागलो आणि एक अद्भुत गोष्ट ध्यानात आली. फोटो काढणारा नेहमी गर्दीच्या बाजूने काढतो. त्यामुळे माझ्या लग्नाच्या साऱ्या फोटोंत मी अर्धी, नवरा पाऊण, भटजी ओझरते, आणि मध्यभागी कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे असलेले अण्णा मात्र पूर्ण. मिरवणुका, सभा, विसर्जने, जेथे जेथे सगळे जग दुसरीकडे पाहत होते तेथे तेथे एकच मनुष्य आमच्याकडे पाहत होता. लग्नाचा फोटो लावणे बरे दिसेना, कारण त्यात त्यांच्या डोक्यावर अक्षता होत्या. अखेर गावातल्या फोटोवाल्याने आपल्या संग्रहातली एका जाहीर सभेची प्रत काढून दिली, तीतून अण्णांचा चेहरा मोठा केला, आणि त्यात खांद्याला लागून आलेले एका मंत्र्याचे कोपर काही केल्या निघेना. कोपर कापावे तर अण्णांचा खांदा जातो. आई म्हणाली, “राहू दे. बंदोबस्त त्यांचाच होता.”

तेव्हापासून हार घालताना तो कोपरावरूनही जातो. आईने त्या मंत्र्याच्या पक्षाला उभ्या जन्मात मत दिलेले नाही, पण दर गुरुवारी झेंडूच्या दोन पाकळ्या त्या कोपरावर पडतात याला तिचा इलाज चालत नाही. मागल्या निवडणुकीत त्याच पक्षाचे उमेदवार मते मागण्यास आले, भिंतीकडे पाहून त्यांनी अत्यंत विनयाने दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. नमस्कार नेमका कोणाला केला हे आम्हांस सांगता येणार नाही, कारण भिंतीकडे आमच्या सर्वांची पाठ होती. मी आणि भाऊ त्यांचा चेहरा पाहत होतो, आणि आई दाराशी जाऊन चपला.